फौंड्रीत कायझेन शिकवायला जाणार असशील तर

भावा, कायझेन म्हणजे कामात रोज थोडी थोडी सुधारणा, ती शिकवताना पहिलं म्हणजे सगळ्यांना एकाच हॉलात बसवून तीच पीपीटी दाखवू नको. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे करणारा मोल्डिंगवाला, सुपरवायझर आणि नुकताच डिग्री करून आलेला इंजिनिअर, तिघांना वेगवेगळं पायजे असतंय. आधी एक दिवस शॉपफ्लोरवर नुसतं फिर, चेकशीट कोण नीट भरतंय, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कुणाला वाचता येतोय ते बघ, लेखी परीक्षा घेऊ नको, लोकं बिचकतात.

नवीन पोरांना फाइव्ह एस, म्हणजे जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्या, तेबी त्यांच्याच जागेवर. सेइरी सेइतोन असली त्यांची जपानी नावं पाठ कशाला, नको ते सामान बाजूला काढा म्हटलं की झालं. बऱ्याच जणांना कन्नड जवळचं, तवा फोटो लाव आणि दोन्हीत बोल की. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, कारखान्यातच काम शिकवायची पद्धत) निघालं, त्यातल्या चार पायऱ्या अजून चालतात: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याला करायला लावा, मग मागनं लक्ष ठेवा. तिसरी पायरी सगळे गाळतात.

सुपरवायझरला परेटो (कुठला दोष सगळ्यात जास्त ते दाखवणारा तक्ता) आणि फाइव्ह व्हाय (पाचदा 'का' विचारून मूळ कारण शोधणं), पण त्याच्याच रिजेक्शनच्या आकड्यांवर, ब्लोहोल म्हणजे हवेची भोकं किती, सँड इन्क्लूजन म्हणजे आत अडकलेली वाळू किती. कार कंपनीचं उदाहरण दिलंस की तो चहाला गेलाच समज. इंजिनिअरला कंट्रोल चार्ट, म्हणजे काम ताब्यात आहे का ते दाखवणारा आलेख, शिकव, पण आधी गेज आर अँड आर, म्हणजे मापाचं साधन आणि मापणारा भरवशाचा आहे का त्याची तपासणी, करायला लाव, मापच खोटं असलं तर चार्ट काय चाटायचाय?

आणि जुन्या मिस्त्रीला विद्यार्थी करू नको. मुठीत वाळू दाबून ओलावा सांगणारा माणूस आहे तो, त्याला तुझ्याबरोबर शिकवायला उभा कर, पोरं त्याचंच ऐकतात.