वाचकांचे प्रश्न : काळी माती, घाटातले दगड आणि गाडीचे टायर

प्रश्न : आमची यावल तालुक्यात केळी आणि कपाशी आहे. घरी तीन दरवाजांची थार असून तिचे २५५/६५ आर १८ मापाचे टायर आता गुळगुळीत झाले आहेत. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून शेतापर्यंत जाता यावे म्हणून मड-टेरेन टायर घ्यावेत, असा मित्रांचा आग्रह आहे, तर २० इंची अलॉय बसवल्यास गाडी उठून दिसेल, असे मुलाचे म्हणणे आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जळगाव किंवा भुसावळला जावे लागते. काय करावे?
— एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती शेवटच्या वाक्यात आलेली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जळगाव-भुसावळ करणाऱ्या गाडीचे बहुतेक किलोमीटर डांबरावरच जातात आणि शेतापर्यंतची पाणंद त्या हिशेबात फारच थोडी भरते. मड-टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांमधील खाचा रुंद असल्यामुळे डांबराला टेकणारे रबर कमी असते. परिणामी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, टायरची घरघर आत ऐकू येते, डिझेल थोडे अधिक लागते आणि टायर लवकर झिजतो. एवढी किंमत मोजून चिखलात खात्रीने निघता आले असते तर गोष्ट वेगळी होती.

परंतु आपल्याकडची काळी माती हा साधा चिखल नव्हे. मड-टेरेनची नक्षी काम करते ती चाक वेगाने फिरून खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो तेव्हा. ओली काळी माती इतकी चिकट असते की दोन-चार फेऱ्यांत खाचा बुजतात, टायरभोवती मातीचा जाड थर बसतो आणि मग त्याखाली कोणती नक्षी आहे याला काही अर्थ उरत नाही. वापसा आल्याशिवाय आपण शेतात औत घालत नाही; गाडीलाही तोच नियम लावावा. जोराचा पाऊस झाल्यावर पहिले दोन दिवस गाडी मुरमाच्या रस्त्यावर उभी करून पुढे पायी जाणे हे कोणत्याही टायरपेक्षा स्वस्त पडते. वरची माती जरा आवळली की चांगला ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर, ३२ पीएसआयची (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) हवा २० ते २२ वर आणून आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्हमध्ये संथ चालवून, बहुतेक ठिकाणांहून बाहेर काढतो, कारण हवा कमी केल्याने टायर जमिनीवर लांब पसरतो आणि भार वाटला जातो. तापी किंवा गिरणेच्या कोरड्या वाळूतही हाच उपाय चालतो. तेथे मड-टेरेनचे धारदार ठोकळे उलट खड्डा खणून गाडी बसवतात. मात्र डांबरावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरली पाहिजे, म्हणून १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि हवा मोजण्याचे गेज गाडीत कायम असू द्यावे. माझ्या मते टायरच्या नक्षीपेक्षा ही दोन साधने अधिक उपयोगी आहेत.

आपण चिखलाचा उल्लेख केला, पण कपाशीचा खरा धोका वेगळाच आहे. पऱ्हाट्या कापल्यानंतर जमिनीत उभी राहिलेली खुंटे तिरक्या कापामुळे टोकदार असतात आणि वाळल्यावर चांगलीच कडक होतात. गाडी सरीतून थोडी बाजूला सरकली की ती टायरच्या तळाला न लागता साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, घुसतात. तळातले पंक्चर निघते. साइडवॉल फाटली तर ती विश्वासाने दुरुस्त होत नाही आणि टायर टाकावा लागतो. बाभळीच्या काट्यांचेही तसेच. त्यामुळे टायर घेताना साइडवॉलवर कोरलेला मजकूर वाचावा आणि तिच्यात दोनऐवजी तीन थर असलेला ऑल-टेरेन प्रकार मिळत असल्यास तो घ्यावा.

यावरून २० इंची अलॉयचे उत्तर आपोआप मिळते. सध्याच्या टायरची साइडवॉल (२५५ मि.मी. रुंदीच्या ६५ टक्के) सुमारे १६६ मि.मी. उंच आहे. रिम २० इंची करून बाहेरचा व्यास जवळपास तोच ठेवायचा तर २६५/५० आर २० यासारखे माप घ्यावे लागते आणि साइडवॉल १३२ मि.मी. उरते. खड्ड्याचा धक्का झेलणारी उंचीच कमी झाली की तो थेट रिमला बसतो आणि हवा कमी करून चालवण्याची सोयही जाते. खरे तर बदल करायचाच असेल तर तो उलट दिशेने करावा. २०२० साली आलेल्या थारच्या साध्या प्रकारात कंपनीनेच २४५/७५ आर १६ माप दिले होते. त्याची साइडवॉल १८४ मि.मी. आहे, तर बाहेरचा व्यास सध्याच्यापेक्षा सुमारे १५ मि.मी. कमी होतो, म्हणजे स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जवळपास २ टक्के जास्त वेग दाखवील. १६ इंची रिम आपल्या गाडीच्या ब्रेकवर अडकत नाही ना, हे एक चाक प्रत्यक्ष बसवून आणि हाताने फिरवून पाहावे, मगच पाच चाकांचे पैसे द्यावेत. मुलाची समजूत घालण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

प्रश्न : मी शहाद्यात राहतो आणि कामानिमित्त मारुतीच्या जिमनी गाडीने म्हसावदमार्गे धडगाव व तोरणमाळच्या पाड्यांवर जातो. मूळ १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ टायर आणि बाहेर निघणारी रुंद अलॉय बसवली तर गाडी उंच होऊन दगडांवर टेकणार नाही, असे दुकानदार सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : हिशेब केला तर दुकानदारांचे बोलणे फारसे टिकत नाही. मूळ टायरचा व्यास ६९३ मि.मी. आहे आणि नव्याचा साधारण ७०३. उंची वाढते ती या फरकाच्या निम्मी, म्हणजे ५ मि.मी. मूळ २१० मि.मी. उंचीत तेवढ्याने दगड टळत नाही. टायर थोडा रुंद आणि दणकट मिळतो हा फायदा खरा आहे आणि तेवढ्यासाठी हे माप घ्यायला माझी हरकत नाही.

रुंद अलॉयला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती गाडीला टेकते तिथपर्यंतचे अंतर) कमी केला की चाक बाहेर येते, बेअरिंगवरचा भार वाढतो, दगडावर चाक आदळताच स्टीअरिंग हातातून ओढले जाते आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संबंधी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्यामुळे परिवहन कार्यालयात किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते, आणि टायरचे माप बदलण्यापूर्वीही विमा कंपनीला लेखी विचारून घेतलेले बरे.

सातपुड्याच्या त्या वाटांवरचा बेसॉल्ट फुटतो तो धारदार कडांनी. अशा ठिकाणी मी पोलादी रिमच पसंत करीन, कारण ती वाकली तर रस्त्याकडेचा पंक्चरवालाही ठोकून कामापुरती सरळ करतो, तर अलॉयला तडा गेला की गाडी तिथेच थांबते. दगडाळ वाटेवर हवा चार-पाच पीएसआयने कमी करावी, त्याहून अधिक नको. फार कमी केल्यास टायर रिम आणि दगड यांमध्ये चेमटून कापला जातो. टायरच्या मापापुढे ‘एलटी’ ही अक्षरे असलेले दहा प्लायचे टायर या हलक्या गाडीला फार कडक पडतील. भारांकाचा, म्हणजे टायर किती भार पेलतो ते दाखवणारा, आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. जिमनीचा फोर-व्हील ड्राइव्ह गरजेपुरता जोडायचा आहे. तो जोडल्यावर पुढची आणि मागची चाके एकाच गतीने फिरतात. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत आणि स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी. धडगावच्या वाटेवर जुन्या मापाची स्टेपनी लावून फोर-व्हील जोडल्यास ट्रान्स्फर केसवर (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या भागावर) नाहक ताण येतो.

प्रश्न : उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून पंपावर चार-पाच पीएसआय कमीच भरून देतात. नायट्रोजन भरल्यास हा प्रश्न सुटतो का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : हवा कमी ठेवू नये. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की हवेचा दाब १ पीएसआयच्या आसपास वाढतो आणि हे गृहीत धरूनच कंपनीने दरवाजाच्या चौकटीवरचा आकडा दिलेला असतो. तो आकडा थंड टायरसाठी आहे, म्हणून हवा सकाळी, गाडी सावलीत असताना तपासावी. मे महिन्यात ४४-४५ अंशांत महामार्गावर टायर फुटतात ते बहुधा कमी हवेमुळे, कारण साइडवॉल सतत दुमडून आतून तापते. नायट्रोजनचे म्हणाल तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. त्याऐवजी नवे टायर घेताना साइडवॉलवरील चार आकडी तारीख वाचावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षे गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असला, तरी आपल्या उन्हात तो घेऊ नये.