पोटुशी असताना रडले, म्हणून बाळ चिडकं होईल का?

गरोदर बाई 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत माझ्याकडे समुपदेशनाला फार क्वचित येते. ती येते बाळाची काळजी घेऊन. "मॅडम, या महिन्यांत मी खूप रडले. बाळाच्या मेंदूवर परिणाम झाला असेल का?" हा प्रश्न मला नाशिकच्या कॉलेज रोडवर राहणाऱ्या नोकरदार मुलीने विचारलाय, आणि दिंडोरीहून एसटीने आलेल्या बाईनेही. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी त्यात हल्ली बरीच भर घातली आहे.

सुवर्णा (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हा प्रश्न पुराव्यासकट घेऊन आली. सातवा महिना, सिडकोत दोन खोल्यांचं घर, नवरा अंबडच्या कंपनीत पाळ्यांनी कामाला, पदरात चार वर्षांची मुलगी. तिने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. मागच्या कोऱ्या जागेत निळ्या पेनाने ओळीने फुल्या मारलेल्या होत्या. "रडले त्या दिवशी एक फुली," ती म्हणाली. "एवढ्याने बाळाचं किती नुकसान होतं ते सांगा." काही फुल्या दोनदा गिरवलेल्या होत्या. त्या कशाच्या, म्हणून विचारलं. "त्या दिवशी आर्यावर हात उचलला."

डोहाळजेवणाला तिला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं होतं आणि ओटी भरताना तिला रडू कोसळलं. थोरली जाऊ कानाशी म्हणाली, "हसतमुख राहा गं, नाहीतर मूल चिडकं निघेल." त्याआधीचे दोन महिने सासूबाईंचं 'या वेळी तरी' चाललंच होतं. 'या वेळी तरी' काय, ते कुणी पुरं बोलत नसे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. गरिबी आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण यांच्या जोडीला बाळ मुलगी असणं हाही तिथे नैराश्याशी जोडलेला घटक निघाला. आपल्याकडे हे कळायला अभ्यासाची गरज नाही म्हणा, पण घरच्यांपुढे ठेवायला कागद बरा पडतो.

उत्तर देण्याआधी मी तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. 1987 सालची ही 10 प्रश्नांची यादी आहे, एकूण गुण 30. 13 किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. सुवर्णाचे 17 आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, तो मी नेहमी कागदावर न सोडता तोंडी विचारते. "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं," ती म्हणाली. "पण करणार काही नाही." त्याच दिवशी तिच्या संमतीने नवऱ्याला फोन केला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये टाकायला लावला, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहायलाही सांगितलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो.

आता तिचा प्रश्न. 'काही होत नाही गं' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नव्हतं आणि तिला पटलंही नसतं. गरोदरपणात प्रत्येकीचंच कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला ते लागतंही. वारेत एक विकर असतं, ते आईकडून येणारं बरंचसं कॉर्टिसॉल निष्क्रिय करून टाकतं. आई बराच काळ तणावात असली की या विकराचं काम मंदावतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. मग बाळापर्यंत जास्त कॉर्टिसॉल पोचण्याची शक्यता असते. 2008 साली कॅनडातल्या संशोधकांना शेवटच्या तिमाहीत उदास असलेल्या आयांच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात एका जनुकावर जास्त रासायनिक खुणा आढळल्या. जनुक तेच राहतं, ते किती वापरलं जाईल हे अशा खुणांवर ठरतं. हे जनुक शरीराला 'कॉर्टिसॉल पुरे झालं' हे कळवणाऱ्या यंत्रणेतलं आहे. सिंगापूरच्या 2013 च्या अभ्यासात नवजात बाळांच्या मेंदूचे एमआरआय काढले होते. भीती आणि भावना हाताळणाऱ्या अमिग्डाला या भागाचा आकार सारखाच होता, मात्र गरोदरपणी नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्या आयांच्या बाळांत उजवीकडच्या अमिग्डालाची आतली सूक्ष्म रचना थोडी वेगळी होती.

ती ऐकत होती आणि बोट फुल्यांवर होतं. म्हणून पुढचं लगेच सांगितलं. यातला एकही अभ्यास एका दिवसाच्या रडण्याबद्दल नाही. आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या त्रासाबद्दल ते बोलतात, आणि तेही सरासरीत. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकापासून हजारो कुटुंबांचा पाठपुरावा चालू आहे. तिथे गरोदरपणी सर्वात जास्त चिंताग्रस्त असलेल्या आयांच्या मुलांत तेराव्या वर्षी मानसिक अडचणी 100 पैकी सुमारे 12 जणांत दिसल्या, इतरांत सुमारे 7 जणांत. फरक आहे. पण त्या 100 मधली 88 मुलं ठीकच होती. शिवाय आईकडून आलेली जनुकं, घरातलं वातावरण, बाळंतपणानंतरही चालू राहिलेलं नैराश्य, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. कुठल्या फुलीचं किती, असा हिशेब कुणालाच मांडता येत नाही.

या माहितीचा आपल्याकडे होणारा वापर मला खटकतो. वारेतल्या विकरापासून अमिग्डालापर्यंत सगळं शास्त्र शेवटी येऊन पोचतं ते 'आनंदी राहा' या दटावणीवर. आजारी बाईला आनंदी राहा सांगणं म्हणजे ताप आलेल्याला गार राहा सांगण्यासारखं आहे. उलट रडणं लपवायचं एक जादा काम तिच्या मागे लागतं. हेच शास्त्र मी घरच्यांना वाचून दाखवते ते वेगळ्या कारणासाठी: बाळाची काळजी असेल तर आईवर उपचार करा.

नवऱ्याला तिसऱ्या भेटीत बोलावलं. मानसोपचारतज्ज्ञांनी प्रसूतितज्ज्ञांशी बोलून सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीची छोटी मात्रा सुरू केली होती आणि गोळ्यांची पट्टी आठवडाभर घरात न उघडता पडून होती. "पोटात बाळ असताना डोक्याच्या गोळ्या कशा द्यायच्या?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गरोदरपणात टाळतातच. पण सगळ्या गोळ्या एका तराजूत घालायच्या नसतात, आणि उपचार न करणं हेही बिनधोक नसतं: बाई जेवत नाही, तपासणीच्या तारखा चुकवते, दिवस पुरे व्हायच्या आत प्रसूती होण्याचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोकाही वाढतो. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनावर भागतं. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना साधं बोलण्याचं तंत्र शिकवलं. 2008 च्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी हे तंत्र न मिळालेल्या गटातल्या 53 टक्क्यांच्या जागी 23 टक्के बायकाच नैराश्यात होत्या. सुवर्णाच्या बाबतीत डॉक्टरांना दोन्ही हवं होतं. नवऱ्याने त्याच रात्री पट्टी उघडून दिली.

माझ्याकडचं काम किरकोळ वाटेल असं होतं. रात्रपाळीच्या आठवड्यात आर्याची सकाळ त्याने सांभाळायची, म्हणजे हिला सलग झोप मिळेल. संध्याकाळी शेजारणीबरोबर जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी. 'मी वाईट आई आहे' हा विचार आला की त्याच्या शेजारी त्या दिवशी आर्यासाठी काय केलं ते लिहायचं. फुल्या मारणं बंद कर, असं मी म्हटलं नाही. ते तिचं तिनेच आठव्या महिन्यात सोडलं.

दुसरीही मुलगीच झाली. सासूबाई दवाखान्यात आल्या, बाळाला पाहून गेल्या, फार काही बोलल्या नाहीत. त्या दिवसांत मी रोज फोन करत होते, कारण नैराश्य उलटायचा हा काळ असतो. मालिशवाली बाई ठरलेलीच होती. मी सुचवलं, अंघोळ तिने घालू दे, तेल मात्र तू लाव, जमेल तेवढंच. लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2012 साली लिहिलंय की पहिल्या काही आठवड्यांत ज्या आया बाळाला वरचेवर कुरवाळत होत्या, त्यांच्या बाळांत गरोदरपणच्या नैराश्याचा आणि चिडखोरपणाचा संबंध फिका पडला होता. म्हणजे पोटातच सगळं लिहून होतं असं नाही. सुरुवातीला तिचे हात नुसते यंत्रासारखे चालत. "काही वाटत नाही हो मॅडम," ती म्हणायची. वाटलंच पाहिजे असं नाही, म्हणून सांगितलं.

दीड महिन्याची असताना बाळ संध्याकाळी तासन्‌तास रडू लागलं आणि घरात पुन्हा तेच सुरू झालं, पोटात असताना रडलीस म्हणून. साधारण सहाव्या आठवड्याला बाळांचं रडणं शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं, हे मी या वेळी सासूबाईंनाच फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग आर्याचा बाप का एवढा रडायचा?" त्यांनी स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मी अर्धा तास ऐकत राहिले.

बाळ आता पाच महिन्यांचं आहे, लसीकरण वेळेवर चालू आहे. सुवर्णाचे प्रश्नावलीतले गुण 6 वर आलेत. गोळी कमी करायची का, हे पुढच्या महिन्यात डॉक्टर ठरवतील. तोवर ती चालू आहे.