वाचकांचे प्रश्न : पिल्लू खरं, कोळीण कॉम्प्युटरवरची

मागच्या अंकात मी ई. बी. व्हाइट यांचं १९५२ सालचं ‘शार्लट्स वेब’ आणि त्यावरचा २००६चा सिनेमा याबद्दल लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी गोष्ट अशी, की विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू कापलं जाणार असतं आणि गोठ्यातली शार्लट नावाची कोळीण आपल्या जाळ्यात त्याच्या कौतुकाचे शब्द विणून त्याला वाचवते, आणि शेवटी ती स्वतः मरते. पत्रं खूप आली, त्यातली चार घेते.

प्रश्न : पिल्लू खरं होतं की कॉम्प्युटरवर बनवलेलं? घरात दोन पार्ट्या पडल्यात.

दोन्ही पार्ट्या थोड्या थोड्या बरोबर आहेत. पिल्लं खरी होती, पण एक नाही, बरीच. डुकराचं पिल्लू इतकं भराभर वाढतं की शूटिंगच्या पहिल्या आठवड्यातलं पिल्लू दोन महिन्यांनी ओळखू पण येत नाही, मग सारख्या वयाची नवी नवी पिल्लं आणत राहावी लागतात. १९९५च्या ‘बेब’मध्ये (तोही पुस्तकावरचाच, डिक किंग-स्मिथ यांच्या १९८३च्या) एका बेबसाठी ४८ पिल्लं वापरली होती आणि सगळी एकसारखी दिसावीत म्हणून डोक्यावर केसांचा छोटा झुपका लावायचे. बोलताना शूट केलेलं पिल्लू तसंच ठेवून फक्त तोंडाचा भाग कॉम्प्युटरवर हलवला, आणि जिथे खऱ्या प्राण्याकडून ते होणारच नाही तिथे जिम हेन्सन यांच्या क्रीचर शॉप या कार्यशाळेत बनलेल्या, आतून मशीनने हलणाऱ्या बाहुल्या आणल्या. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर ‘अपोलो १३’ला मागे टाकून या डुकराला मिळालं, मला अजूनही त्याचा आनंद होतो!

आता एक करा, यातला कुठलाही सिनेमा परत लावा आणि बोलण्याच्या सीनला आवाज बंद करा. तोंडाकडे नका बघू, नाकाकडे आणि कानांकडे बघा. नाक श्वासाबरोबर सारखं थरथरत असतं, एक कान मध्येच कुठल्यातरी आवाजाकडे वळतो, आणि डोळे बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी लागलेले असतात, तिकडे ट्रेनर खाऊ घेऊन उभा असणार हे आपल्याला कळतं. पण आवाज लावला की तीच भुकेची नजर आपल्याला आशेने बघणारी वाटते, म्हणजे अर्धा अभिनय आपणच करत असतो. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

शार्लट मात्र पूर्ण कॉम्प्युटरवरची, आवाज ज्युलिया रॉबर्ट्सचा. कोळ्याला ओठ नाहीत, भुवया नाहीत, वर आठ डोळे, मग तिच्याबद्दल माया वाटायची कशी हा प्रश्न पुस्तकाच्या वेळेलाच आला होता. चित्रकार गार्थ विल्यम्स यांनी आधी तिला बाईसारखा चेहरा देऊन बघितला आणि व्हाइटना तो चालला नाही, कोळीण कोळीणच दिसली पाहिजे. व्हाइट स्वतः अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतावर राहायचे, गोठ्यातल्या एका कोळिणीची अंडी डबीत घालून न्यूयॉर्कला घेऊन गेले होते आणि तिथे त्यांच्या खोलीत पिल्लं बाहेर येऊन आरशापाशी धागे ताणत बसली. इतक्या जवळून बघितलेल्या माणसाला कोळ्याला लिपस्टिक लावलेली कशी चालेल.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे, शार्लट मरते तिथे हमसून हमसून रडली. असे शेवट लहान मुलांच्या सिनेमात बदलायला नकोत का?

नको. अजिबात नको. तुमची काळजी कळते मला, भाचीला घेऊन बघताना मीही शेवटची वीस मिनिटं पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होते. पण ही गोष्ट मरणाचीच आहे हो, पुस्तकाची पहिली ओळच कुऱ्हाडीची आहे, बाबा कुऱ्हाड घेऊन कुठे निघाले असं शेतकऱ्याची छोटी मुलगी फर्न विचारते. व्हाइट यांनी १९४८ मध्ये आजारी पडलेल्या स्वतःच्या डुकरावर एक लेख लिहिला होता, त्याला वाचवायला ते धडपडले आणि ते वाचलं नाही. ते दुःख मनात असताना त्यांनी चार वर्षांनी डुक्कर वाचतं अशी गोष्ट दिली, पण वाचवणारीला मरू दिलं, तेही जत्रेच्या रिकाम्या मैदानात, जवळ कोणी नसताना. ते काढलं तर शब्द विणणारी कोळीण एवढी गंमतच उरेल.

सिनेमात अडचण वेगळी आहे. पुस्तक मूल आपल्या वेगाने वाचतं, पान मिटून आईकडे येऊ शकतं, थेटरात तसं थांबता येत नाही आणि वरून म्युझिक रडा रडा म्हणत असतं. म्हणून दिग्दर्शकाने इथे हात आखडता घ्यावा असं माझं मत, शांतता ठेवावी, व्हायोलिन कमी. आणि लगेच पुढचा सीन येऊ द्यावा, कारण शार्लटची अंडी ५१४ आहेत, वसंतात पिल्लं येतात, बहुतेक सगळी वाऱ्यावर उडून जातात आणि तीन विल्बरजवळ राहतात. माझी भाची तिथे रडत रडतच विचारत होती की या तिघींना त्यांची आई कोण होती ते कोण सांगणार, विल्बर सांगेल ना? तुमच्या मुलीला परत दाखवायचा असेल तर घरी दाखवा, तिने म्हटलं की थांबवता येईल असा.

प्रश्न : हल्लीचे प्राणी इतके खरे दिसतात तरी चेहरे मख्ख का वाटतात?

कारण खऱ्या सिंहाला हसता येत नाही. हाताने काढलेल्या चित्रात भुवई वर नेली की झालं, पण केस न् केस खरा दिसणाऱ्या प्राण्याला तसं केलं की तो विचित्र दिसतो, आणि नाही केलं की २०१९च्या ‘लायन किंग’बद्दल लोक म्हणाले तसं होतं, आवाज रडतोय आणि तोंड कोरं. माझ्या मते उत्तर चेहऱ्यात शोधूच नये, प्राणी शेपटीने, मानेने, थबकण्याने बोलतात, ते दाखवा. त्याच दिग्दर्शकाच्या २०१६च्या ‘जंगल बुक’मध्ये हे जास्त जमलंय असं मला वाटतं. जंगल सगळं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, मोगली झालेला छोटा नील सेठी एकटा, पण त्याच्यासमोर बाहुल्या धरल्या होत्या, म्हणून त्याची नजर हवेत जात नाही, कोणावर तरी ठरते.

प्रश्न : शूटिंगमध्ये प्राण्यांना त्रास होतो का?

पूर्वी खूप व्हायचा. १९३९च्या ‘जेसी जेम्स’मध्ये कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेला, त्यावर एवढा गदारोळ झाला की अमेरिकन ह्युमेन या संस्थेने सेटवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आता अवघड शॉटला कॉम्प्युटरचा प्राणी वापरता येतो ही या तंत्राची सगळ्यात चांगली बाजू. आणि ‘बेब’मधला शेतकरी झालेले जेम्स क्रॉमवेल यांनी त्याच शूटिंगच्या काळात दूध, अंडी असं प्राण्यांपासून मिळणारं सगळंच खाणं सोडलं, सकाळभर ज्या प्राण्यांबरोबर काम केलं तेच दुपारी जेवणाच्या टेबलावर बघवेना म्हणून.