सोनोग्राफीत गर्भपिशवीत ९ मिमीचा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराचा कोंब, निघाला. कॅन्सरच्या भीतीने पिशवीच काढून टाकावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय : वय ४४, पाळीत खूप जातं, मधेच डाग दिसतात आणि डॉक्टर म्हणाले, "पिशवीच काढून टाका, कटकट नको." एवढ्यावरून मी तरी हो म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. नागपुरात धंतोलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हे पॉलिप शेवटी आमच्याच टेबलावर येतात.

बाटलीत पावट्याएवढा मऊ, पांढुरका कोंब असतो. नुसत्या डोळ्यांनी बघून तो साधा की वाईट हे कुणालाच कळत नाही, सोनोग्राफीतही खात्रीने नाही. आम्ही तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतो, ३-४ मायक्रॉनचे काप काढून रंगवतो, मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेक रिपोर्ट साधेच निघतात. शंभरात साधारण तिघींच्या पॉलिपमध्ये कॅन्सर सापडतो, त्याही मुख्यतः पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाणाऱ्या बायका. तुमच्या वयात प्रमाण आणखी कमी. मात्र वजन जास्त असेल, शुगर असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

काही त्रास नसता तर १० मिमीच्या आतला पॉलिप नुसता लक्षात ठेवूनही चाललं असतं, कधी कधी तो आपोआप विरतो. तुम्हाला रक्तस्राव आहे, म्हणून काढायला हवा. पण पॉलिप, पिशवी नाही. हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीतून बघत काढतात, पोटावर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. नुसत्या क्युरेटिंगवर भागवू नका. त्यात न बघता खरवडतात, पॉलिप निसटतो आणि आमच्याकडे येतात नुसत्या चिंध्या.

रिपोर्टमध्ये कॅन्सर किंवा 'एटिपिया', म्हणजे पेशी संशयास्पद, असं आलं, तर पिशवीचा विचार खरा. तोवर कुणी घाई केलीच, तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत दुसरं मत घ्या.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. काढलेल्या पॉलिपची बाटली पुष्कळदा नातेवाइकांच्याच हातात देतात. ती घेताना आत तुकडा टिकवणारं फॉर्मॅलिन आहे ना, विचारा. सलाईनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा सडतो, मग मॅडम तरी काय वाचणार? बाटलीवर तुमचं नाव आहे का तेही बघा. रिपोर्ट जपून ठेवा. पुढे दुसरीकडे दाखवायचं झालं तर लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक (तो मेणाचा ठोकळा) मागता येतात.