एका बाजूच्या धारेची जपानी सुरी

प्रश्न : उसुबा सुरीने लाल भोपळा चिरताना काप तिरका जातो. दोन्ही बाजूंनी धार काढून घेता येईल का?

उत्तर : येईल, पण अर्धी-अर्धी नको. उजव्या हाताच्या उसुबाला उतार, म्हणजे धारेकडे तिरकी घासलेली बाजू, उजवीकडेच असतो, म्हणून जाड फोडीत पाते डावीकडे ढकलले जाते. बहुतेक अशा सुऱ्यांत कडक पोलाद फक्त सपाट बाजूला असते. उताराची बाजू मऊ लोखंडाची. सपाट बाजू जास्त घासली तर धार मधे सरकते आणि मऊ लोखंडावर येते. मग ती टिकत नाही, मुडपते. शिवाय त्या बाजूची मुद्दाम ठेवलेली खोलगट जागाही झिजते. तीच तर फोड पात्याला चिकटू देत नाही.

म्हणून सपाट बाजूला जेमतेम पाव मिलिमीटरची धार काढा. आधी कडेला मार्करची शाई लावा. १००० नंबरचा निसणा भिजवून सुरी सपाट बाजूने ठेवा. पाते ४५ मिमी रुंद असेल तर पाठ १२ मिमी उचला, म्हणजे साधारण १५ अंश होतात. हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढा. शाई फक्त धारेच्या अगदी कडेवरची गेली पाहिजे. वरपर्यंत गेली तर पाठ कमी उचलली आहे. मग उताराची बाजू निसण्यावर फिरवून, घासताना उभी राहिलेली खरखरीत कड काढा, शेवटी ३००० वर दोन-दोन हात.

ग्राइंडरवर मुळीच देऊ नका, पातळ धार तापून कडकपणा गमावते. तिरकेपणा यानंतर कमी होईल, पूर्ण जाणार नाही. भोपळा रोजचा असेल तर दोन्ही बाजूंनी धार असलेली नाकिरी ही जपानी भाजीची सुरी घ्या. उसुबा पातळ सोलाईसाठी आहे, तिची मूळ धार मोडणे आम्हाला पटत नाही.