मित्राला पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाय. जास्त पैसे बॉडीवर घालावेत की लेन्सवर?

लेन्सवर. बॉडी साधी घ्या, वापरलेलीही चालेल (शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, तेवढा बघून घ्या), आणि वाचलेल्या पैशांत ३५ एमएम एफ/१.८ लेन्स घ्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची १८-५५ किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ/१.८ वर त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो, त्यामुळे संध्याकाळी घरातले फोटो हलत नाहीत. ५० एमएम सगळेच सुचवतात, पण साध्या बॉडीतल्या क्रॉप (छोट्या) सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी दिसते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, आणि खोलीत चार माणसं फ्रेममध्ये घेताना पाठ भिंतीला टेकते. फक्त निकॉन डी३५०० किंवा डी५६०० घेणार असाल तर लेन्स एएफ-एस किंवा एएफ-पी (स्वतःची फोकस मोटर असलेली) हवी. या बॉडीत फोकस मोटर नाही, जुन्या एएफ-डी लेन्सवर फोकस हातानेच करावा लागेल.