वाचकांचे प्रश्न : त्रिनिदादचा कार्निव्हल आणि तिथला ताशा

प्रश्न : मुलगी पोर्ट ऑफ स्पेनला नोकरीला आहे, ‘कार्निव्हलला या’ म्हणते. पण दरवर्षी तारीख वेगळी. तिकीट कधीचं काढावं? (खानापूर)

उत्तर : कार्निव्हल म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावरचा, ख्रिस्ती उपवासकाळाआधीचा नाचगाण्याचा रस्त्यावरचा उत्सव. त्याची तारीख ईस्टरवर ठरते आणि ईस्टर पौर्णिमेवर, त्यामुळे आपल्या होळीसारखीच ती मागेपुढे सरकते. ईस्टरच्या रविवारातून ४७ दिवस वजा करा, कार्निव्हलचा मंगळवार मिळतो. आदला सोमवारही त्यातलाच. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला. बुधवारपासून ख्रिस्ती उपवासकाळ लागतो आणि रस्ते शांत होतात.

सोमवारी सकाळी पोहोचलात तर निम्मा कार्निव्हल हुकला म्हणून समजा. स्टीलपॅनच्या (तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या वाद्याच्या) वाद्यवृंदांची अंतिम स्पर्धा, पॅनोरमा, शनिवारी रात्री असते. सोमवारी पहाटे, अंधारातच ‘जूवे’ सुरू होतो : चिखल, रंग, तेल अंगाला फासून नाचत निघायचं. शहापूरची रंगपंचमी पाहिलेल्याला ते नवं वाटणार नाही. जाण्याआधी अंगाला आणि केसांना खोबरेल चोपडा, नाहीतर रंग आठवडाभर निघत नाही. चपला गर्दीत हरवतात. जुने, लेस बांधायचे बूट घाला. एकंदरीत, गुरुवारपर्यंत पोहोचा. भारतातून थेट विमान नाही, आणि अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

प्रश्न : तिथे ‘तासा’ वाजवतात असं ऐकलं. हा आपलाच ताशा का? तिथेही तो विस्तवावर शेकतात का? (निपाणी)

उत्तर : घराणं एकच, पण त्रिनिदादला तो गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांबरोबर गेला. ‘फतेल रझाक’ हे पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी तिथे लागलं. बहुतेक मजूर उत्तर भारतातले, म्हणून चाली भोजपुरी वळणाच्या आहेत, आपल्या ढोल-ताशाच्या नव्हेत.

पारंपरिक ताशाचं भांडं मातीचं, वर बकऱ्याचं कातडं. जोडीला मोठा ढोल आणि पितळी झांजा. ताशे दोन प्रकारचे : ‘कटर’ चढा, तोच म्होरक्या, ठेक्यावर कलाकुसर करणारा, ‘फुले’ खालच्या आवाजाचा, ठेका धरून ठेवणारा. फुले डगमगला तर कटर कितीही तयारीचा असो, सगळा फड विस्कटतो.

आता शेकण्याचं. हलगीवाल्यांना हे सांगायला नको : कातडं हवेतला ओलावा शोषतं, सैल पडतं आणि ‘टण्’ऐवजी ‘थप्’ असा आवाज येतो. बेटावरची हवा दमट, शिवाय वाजवता वाजवताही ताण उतरतोच. म्हणून मिरवणुकीच्या कडेला शेकोटी पेटवतात. तोंड ज्वाळेकडे करून, पण अंतर राखून, ताशा फिरवत धरायचा, मधूनमधून टिचकी मारून सूर बघायचा. एकाच जागी धरला तर कातडं एका बाजूला जास्त ओढलं जातं आणि पहिल्याच जोरकस घावाला फाटतं. घाई नडते ती इथेच. हल्ली धातूच्या भांड्यावर कृत्रिम पडदा नट-बोल्टने आवळलेले ताशेही निघालेत. शेकायची कटकट नाही, पण मातीच्या भांड्याची गोलाई त्या आवाजात नाही, असं आमचं मत.

हा ताशा ऐकायचा तर मोहरममध्ये, ज्याला तिथे ‘होसे’ म्हणतात. सेंट जेम्स आणि सेड्रॉस इथे बांबू-कागदाचे ताबूत निघतात आणि शेवटी समुद्रात विसर्जित होतात. सीमाभागातल्या ताबुतांसारखेच यातही हिंदू हात लावतात. मात्र हा शोकाचा सण आहे. कार्निव्हलच्या थाटात दारू पिऊन तिथे जाऊ नका.

प्रश्न : सामानात काय विसरू नये? (बेळगाव कॅम्प)

उत्तर : पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं प्रमाणपत्र. त्रिनिदादहून परतताना ते भारतात तपासतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात.

आणि कॅम्पातल्या वाचकांसाठी मुद्दाम : लष्करी छापाचे, ठिपक्या-पट्ट्यांचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत. पँट, टोपी, पिशवी, लहान मुलांचा शर्टसुद्धा. विमानतळावरच काढून घेतात.